व्हिडिओ खेळ, महाराष्ट्रातील

व्हिडिओ खेळ, महाराष्ट्रातील : इलेक्ट्रॉनीय मंडलाच्या किंवा संगणकाच्या साहाय्याने पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांशी हातातील कळ, दांडी अथवा स्पर्श यांच्या द्वारे खेळावयाच्या खेळांस ‘व्हिडिओ खेळ’ ही संज्ञा आहे. मराठी बोलण्यात ‘व्हिडिओ गेम’ व ‘टीव्ही गेम’ हे शब्द रूढ झाले. प्रस्तुत नोंदीत या खेळांच्या तांत्रिक इतिहासापेक्षा ते खेळणाऱ्यांनी एकमेकांस सांगितलेल्या मतांचा, म्हणजे कोणता खेळ चांगला, कोणता फसवा, कोणता टप्पा कसा पार करावा या चर्चेचा, विचार मुख्यतः केला आहे. मराठीत नाटकाची आणि चित्रपटाची समीक्षा वृत्तपत्रांतून वाढली. व्हिडिओ खेळांची समीक्षा मात्र दीर्घकाळ केवळ तोंडी राहिली. तिची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. दुसरीकडे, या खेळांविषयी पालक, पोलीस आणि न्यायालये यांनी दिलेले निर्णय लेखी स्वरूपात उपलब्ध आहेत.

खेळाचे ज्ञान तोंडी चालत येणे ही कोकणात नवी गोष्ट नव्हे. पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यातील (१ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील) सावंतवाडी येथील गंजिफा हे त्याचे ठळक उदाहरण होय. दशावतारी गंजिफेत १२० वाटोळी पाने असून मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने येतात. पाच रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्या पाचांत एक्का वरचढ. दिवसा डाव रामापासून आणि रात्री कृष्णापासून सुरू करावयाचा, असे संकेत आहेत. यांतील कोणतीही गोष्ट पानावर छापलेली नसते. ती खेळणाऱ्यास दुसऱ्या खेळणाऱ्याकडूनच कळावी लागते. छापील पत्त्यांच्या प्रसारानंतर गंजिफा खेळणारे कमी झाले. पाने रंगविण्याची कला सावंतवाडीच्या राजघराण्याच्या प्रयत्नाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावरली आणि २०२४ मध्ये या पानांस भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु पाने विकत घेणाऱ्यांपैकी डाव मांडणारे थोडेच. वस्तू टिकली तरी तिच्याविषयीचे बोलणे थांबले की खेळ निम्मा उरतो, हे येथे दिसून येते. व्हिडिओ खेळांच्या बाबतीत हेच पन्नास वर्षांच्या आत घडू लागले आहे.

या खेळांचा उगम अमेरिकेत झाला. विल्यम हिगिनबॉथम यांनी १९५८ मध्ये ब्रुकहेव्हन येथील प्रयोगशाळेत दोलनदर्शकाच्या पडद्यावर टेनिसचा खेळ दाखविला. १९६२ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला गेला. १९७२ मध्ये राल्फ बेअर यांच्या कल्पनेवर आधारलेले ‘ओडिसी’ हे घरगुती यंत्र आणि अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा नाणे टाकून खेळावयाचा खेळ बाजारात आला. जपानमधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) व ‘पॅक-मॅन’ (१९८०) यांनी या खेळांस जगभर लोकप्रियता मिळवून दिली.

महाराष्ट्रात नाणे-यंत्रांची ‘व्हिडिओ पार्लरे’ प्रथम मुंबईसारख्या मोठ्या शहरांत दिसू लागली. यंत्राभोवती उभे राहून दुसऱ्याचा खेळ पाहणे आणि त्यावर टीका करणे हा या पार्लरांतील व्यवहाराचा मोठा भाग असे. नाणे एकाचे आणि सल्ला दहांचा. शासनाने मात्र त्यांकडे सार्वजनिक करमणुकीची जागा म्हणूनच पाहिले. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (पुढे महाराष्ट्र पोलीस अधिनियम) याच्या कलम ३३ अन्वये अशा जागांस परवाना देण्याचे व त्यांवर नियंत्रण ठेवण्याचे नियम करता येतात. कर्नाटकातील पार्लर चालकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परवान्याचे बंधन वैध ठरविले. यंत्रात फेरफार करून खेळाडूच्या कौशल्यास वावच न ठेवणे शक्य असते, हा मुद्दा त्यात विचारात घेतला गेला. एखादे यंत्र ‘खाते’ की ‘खेळू देते’ याचा अंदाज नेहमीचे खेळाडू आपल्या अनुभवावरून बांधीत असत. न्यायालयाचा प्रश्न आणि खेळाडूंचा प्रश्न येथे एकच होता, इतकेच नव्हे तर खेळाडूंजवळ त्याचा पुरावाही होता. तो कोणी मागितला नाही.

घराघरांत हे खेळ पोहोचले ते १९९० नंतरच्या दशकात. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या अनधिकृत प्रतिकृती स्वस्तात मिळू लागल्या. मुंबईत लॅमिंग्टन रस्ता ही इलेक्ट्रॉनीय वस्तूंची प्रसिद्ध बाजारपेठ. कोकणात अशा वस्तू पुष्कळदा मुंबईकर चाकरमान्याच्या सामानातून, मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीस येत. रत्नागिरीसारख्या शहरातील मुलाला ज्या खेळाचे नाव मुंबईच्या आतेभावाकडून कळले, तो खेळ हाती येईपर्यंत त्याच्याविषयीचे मत अगोदरच आलेले असे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर ही ये-जा सोपी झाली.

खेळ साठविलेल्या प्लॅस्टिकच्या डबीस मुले ‘कॅसेट’ म्हणत, जरी तिच्यात फीत नसून मंडलफलक असे. पुष्कळ कॅसेटींवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात तीत मोजकेच खेळ असून तेच वेगवेगळ्या नावांनी किंवा वेगळ्या टप्प्यापासून सुरू होतील अशा रीतीने पुन्हा पुन्हा दिलेले असत. खरे खेळ किती, ते यादीत कोणत्या क्रमांकावर, हे ठरविणे हेच खेळाडूंचे पहिले संशोधन होय. कॅसेटी उसन्या देण्याघेण्याच्या वेळी हे क्रमांक तोंडी सांगितले जात. खोक्यावरील माहिती खोटी आणि मित्राने सांगितलेली खरी, असा अनुभव एका पिढीस या निमित्ताने आला.

या चर्चेत खऱ्याखोट्याची सरमिसळ असे. ‘कॉन्ट्रा’ (घरगुती आवृत्ती १९८८) या दोघांनी मिळून खेळावयाच्या खेळात आरंभी वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए या क्रमाने कळा दाबल्यास तीनऐवजी तीस ‘लाइफ’ मिळतात. ही युक्ती मूळची जपानी रचनाकार काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रॅडियस’ या दुसऱ्या खेळाच्या चाचणीसाठी योजिलेली. ती छापील पुस्तिकेविना गावोगाव पोहोचली, आणि अचूक पोहोचली, हे आश्चर्यच होय. याच खेळातील ‘एस’ अक्षराची, गोळ्या पंख्यासारख्या पसरणारी बंदूक सर्वांत उत्तम, यावर सर्वत्र एकमत होते. ‘एल’ अक्षराच्या किरणबंदुकीविषयी मात्र वाद होई. तिची कळ घाईने पुन्हा दाबली तर अगोदरचा किरण मध्येच नाहीसा होतो. म्हणून उतावळ्या खेळाडूस ती निरुपयोगी वाटे आणि धीराने खेळणारा तिची बाजू घेई. धबधब्याच्या टप्प्यात पुढे चढणाऱ्या गड्यामुळे पडदा वर सरकतो व खाली राहिलेला गडी मरतो. यावरून झालेली भांडणे खेळाच्या रचनेवरची टीकाच म्हणावी लागेल.

याउलट ‘डक हंट’ (१९८४) मधील हसणाऱ्या कुत्र्यास मारता येते, ही वदंता घरगुती आवृत्तीपुरती निराधार होती. नाणे-यंत्रावरील आवृत्तीत मात्र ते शक्य होते. याच खेळात दुसऱ्या खेळाडूस आपल्या हातातील कळांनी बदक हलविता येते, ही खरी गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक होती. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) मध्ये भिंतीतून सरकून एका न संपणाऱ्या जलमय टप्प्यात जाता येते, ही गोष्ट खोटी वाटावी अशी. पण ती खरी आहे.

कॅसेट चालली नाही तर तिच्या तोंडाशी फुंकर मारण्याचा उपाय सार्वत्रिक होता. वस्तुतः फुंकरीने दमट हवाच संपर्कपट्ट्यांवर जाते. गुण येतो तो कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने. कोकणच्या खारट, ओल्या हवेत पट्ट्या लवकर गंजतात, त्यामुळे तेथे हा उपाय अधिकच वेळा करावा लागला असणार. शिवाय मारिओ व कॉन्ट्रा या खेळांत झालेली प्रगती साठवून ठेवण्याची सोय नव्हती. पावसाळ्यात वीज गेली की सातव्या टप्प्यावरील खेळाडू पुन्हा पहिल्यावर येई आणि मग अंधारात उरे ते केवळ त्या खेळाविषयी बोलणे.

संगणकावरील खेळांचा प्रसार संगणक-वर्गांतून व सायबर कॅफेंतून झाला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) यासारखे खेळ वर्गातील सराव संपल्यावर खेळले जात. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावीही असे वर्ग निघाले. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणाऱ्या दोन गटांत यंत्रांची केवळ एक रांग असे. तेथे टीका मोठ्याने व तत्काळ होई. ‘व्हाइस सिटी’ (२००२) या खेळाचे गुप्त शब्द वह्यांच्या शेवटच्या पानांवर उतरविलेले असत. व्हिडिओ खेळांविषयीचे महाराष्ट्रातील हस्तलिखित वाङ्मय ते एवढेच, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

खेळाडूंच्या मताचे सामर्थ्य सर्वाधिक दिसले ते ‘क्रिकेट ०७’ या खेळात. ई. ए. स्पोर्ट्‌स या कंपनीने २००६ च्या अखेरीस तो प्रसिद्ध केला आणि त्यानंतर या मालेत संगणकासाठी क्रिकेटचा नवा खेळ काढलाच नाही. संघ जुने झाले, पोशाख बदलले, २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली. तेव्हा निरनिराळ्या देशांतील हौशी खेळाडूंनी स्वतःच खेळाडूंच्या याद्या, गणवेश व मैदाने बदलणाऱ्या पुरवण्या तयार करून वाटल्या. अमुक फटका फार सोपा, अमुक गोलंदाजाचा वेग कमी, अशा तक्रारी पुरवणीच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होत. कंपनीने सोडून दिलेला खेळ अशा रीतीने खेळणाऱ्यांच्या हाती दीर्घकाळ जिवंत राहिला.

भ्रमणध्वनीने परिस्थिती पालटली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर आंतरजाल स्वस्त झाले. मार्च २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ हा खेळ आला. शंभर खेळाडू हवाई छत्रीने बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आवळत जाते आणि शेवटी एक खेळाडू किंवा एक गट उरतो, अशी त्याची रचना. खेळताना सहकाऱ्यांशी बोलता येत असल्याने खेळ आणि त्यावरील टीका प्रथमच एकाच वेळी होऊ लागली. ‘मागून येतोय’, ‘झोनमध्ये ये’, ‘मला रिव्हाइव्ह कर’ अशी मिश्र मराठी त्यातून घडली. ‘पबजी’ श्रेष्ठ की पन्नास खेळाडूंचा, आटोपशीर ‘फ्री फायर’ श्रेष्ठ, हा वाद त्या काळी फार चाले. वरवर तो रुचीचा वाद होता. पण ‘फ्री फायर’ कमी क्षमतेच्या स्वस्त फोनवरही चालत असल्याने त्यामागे घरच्या ऐपतीचा प्रश्न होता. खेळाच्या निवडीवरून खेळाडूस हिणविण्याची जी रीत पडली, तिचे मूळ येथे आहे.

याच वेळी या खेळास विरोधही वाढला. २०१९ मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने ‘पबजी’वर बंदी घालावी अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. पालकांची काळजी निराधार नव्हती. झोप, अभ्यास व पैसा या तिन्हींवर परिणाम झालेली मुले होतीच. तथापि जो खेळ बंद करावयाचा तो खेळणाऱ्यांस त्यात काय आढळते, हा प्रश्न या वादात क्वचितच विचारला गेला. अखेर बंदी आली ती मुलांच्या हितासाठी नव्हे. चीनशी सीमेवर निर्माण झालेल्या तणावाच्या पार्श्वभूमीवर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने ११८ अनुप्रयोगांवर बंदी घातली. त्यांत ‘पबजी मोबाइल’ होता. २ जुलै २०२१ रोजी तो ‘बॅटलग्राउंड्‌स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उपलब्ध झाला. ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली.

महाराष्ट्रात खेळांची निर्मितीही झाली. मुंबईत १९९९ मध्ये ‘इंडियागेम्स’ ही कंपनी स्थापन झाली. पुण्यातील नॉडिंग हेड्‌स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा खेळ विशेष उल्लेखनीय आहे. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा असून राजस्थानी वास्तुरचना, पहाडी चित्रशैली व छायाबाहुल्या यांचा तीत उपयोग केला आहे. चित्रांची सर्वत्र स्तुती झाली. खेळ फार लवकर संपतो, असाही अभिप्राय पडला. मूळ संवाद इंग्रजीत होते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले. पुण्यात घडलेल्या या खेळास मराठी वाणी मिळाली नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘ई-स्पोर्ट्‌स’ हा विषय क्रीडा विभागाकडे सोपविला. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांसंबंधीचा केंद्रीय अधिनियम संमत झाला. त्यात ई-स्पोर्ट्‌स व सामाजिक खेळ यांस उत्तेजन, तर पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, मनाई आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळास सूट होती आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले होते. पैसे लावलेल्या ऑनलाइन रमीला नव्या अधिनियमात ही सूट मिळत नाही. एखादा खेळ कोणत्या वर्गात मोडतो हे ठरविण्याचा अधिकार अधिनियमाने एका प्राधिकरणास दिला आहे.