पांजरपोळ, निवारा आणि दारातले पिल्लू

पावसाळ्याच्या तोंडावर शाळेच्या आवारात एखादे बेवारस पिल्लू येते. मुले त्याला डब्यातली पोळी घालतात आणि मग विचारतात, "सर, याला ठेवायचं कुठं?" प्रश्न साधा वाटतो, पण मोठमोठी शहरे जवळजवळ दोनशे वर्षे त्याच्याशी झगडत आहेत.

१८३२ साली मुंबईत पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली. कुत्रे मारणाऱ्याला बक्षीस मिळे. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे, त्यांच्या अंत्यविधीतही. जून महिन्यात पारशी लोक रस्त्यावर उतरले. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली, सैन्याकडे जाणारी रसद अडली. दंगा मोडला गेला, पण प्रश्न उरलाच. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईचे पांजरपोळ स्थापन केले. पांजरपोळाची परंपरा अशी, की आत आलेला प्राणी शेवटपर्यंत सांभाळायचा.

लंडनमध्ये १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी हॉलोवे भागात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी निवारा उघडला. वर्तमानपत्रांनी थट्टा केली. चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकाने मात्र १८६२ मध्ये या कामाची आपुलकीने दखल घेतली. १८७१ मध्ये निवारा बॅटरसी येथे गेला. पिसाळण्याच्या भीतीमुळे पोलीस रस्त्यावरची कुत्री पकडून तेथे पाठवू लागले. मालक आला नाही, गिऱ्हाईक मिळाले नाही, तर ठरावीक मुदतीनंतर कुत्रे मारले जाई. १८८४ मध्ये त्यासाठी बेंजामिन रिचर्डसन या डॉक्टरांनी तयार केलेली, कमी वेदनेने मृत्यू देणारी वायूची खोली तेथे बसवण्यात आली. दयेपोटी निघालेल्या घरात अशी खोली का लागावी?

आम्हांला वाटते, याचे उत्तर माणसांच्या स्वभावापेक्षा गणितात अधिक आहे. समजा, निवाऱ्यात रोज ५ कुत्री येतात. प्रत्येक कुत्रे सरासरी ३ दिवस राहिले तर १५ जागा पुरतात. तेच १० वर्षे राहिले तर ५ × ३,६५० म्हणजे १८,२५० जागा हव्यात! रोजची आवक गुणिले मुक्काम म्हणजे लागणाऱ्या जागा. पांजरपोळाने मुक्काम आयुष्यभराचा ठेवला. तेथे जागा आणि पैसा कितीही असला तरी अपुराच. लंडनने मुक्काम छाटला, तो कुत्र्याच्या जिवाची किंमत देऊन.

तिसरा मार्ग म्हणजे दत्तक देणे. कुत्रे सरासरी २० दिवसांत एखाद्या घरी गेले तर १०० जागा पुरतात आणि मारावे कोणालाच लागत नाही. नसबंदीने जन्मच कमी झाले आणि आवक ५ वरून २ वर आली, तर ४० जागांत भागते. रेबीजची लस दिली, की ज्या भीतीपोटी कुत्री मारली जात ती भीतीही ओसरते. आपल्याकडे २००१ च्या नियमांनी कुत्री मारण्याऐवजी नसबंदी व लसीकरणाचा मार्ग स्वीकारला.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला, आणि अकराच दिवसांनी तो बदलला: नसबंदी व लस झालेली कुत्री, पिसाळलेली वा हिंसक नसल्यास, मूळ जागी सोडावीत. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, असेही त्यात होते. नोव्हेंबरात शाळा-रुग्णालयांच्या आवारातील कुत्री निवाऱ्यात नेण्याचा आदेश आला. म्हणजे प्रश्न आता थेट आपल्या फाटकाशी आला आहे.

वरचे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. आणि कोणी पिल्लू घरी न्यायला तयार झाले, तर आधी घरच्यांना विचारायला सांगावे. लस आणि नसबंदी यांची आठवणही द्यावी. एका पिल्लाला घर मिळाले, की निवाऱ्यातली एक जागा दुसऱ्यासाठी मोकळी राहते.