चार्नोकच्या मुलींचा बाप्तिस्मा

कोलकात्याच्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात एका अष्टकोनी वास्तूत ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला अधिकारी जॉब चार्नोक याची कबर आहे. काळ्या शिळेवरच्या लॅटिन मजकुरात दोन मृत्यू नोंदले आहेत. एक चार्नोकचा, १० जानेवारी १६९२. दुसरा त्याची थोरली मुलगी, चार्ल्स आयरची बायको मेरी हिचा, १९ फेब्रुवारी १६९६-९७. हे जोडसाल म्हणजे लेखनिकाचा घोळ नव्हे. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. आजच्या हिशेबाने चार्नोक १६९३ मध्ये वारला.

मेरीच्या आईचं नाव शिळेवर नाही. तिच्याविषयी सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे सती जाणाऱ्या तरुणीला चार्नोकने चितेवरून सोडवल्याची, अलेक्झांडर हॅमिल्टनच्या १७२७ साली छापलेल्या पुस्तकातली आहे. चार्नोकला जाऊन तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. त्याच्या हयातीतला कागद म्हणजे कंपनीचाच अधिकारी विल्यम हेजेस याची १६८२ ची रोजनिशी. चार्नोकने एका हिंदू बाईला एकोणीस वर्षं ठेवून घेतल्याची कागाळी तीत आहे. हेजेसचं त्याच्याशी हाडवैर, तेव्हा शब्द तोलूनच घ्यायचे. पण बाई होती, आणि बराच काळ होती, एवढं तरी त्यातून निघतं.

मुलींबद्दलचा खात्रीचा कागद मद्रासला सापडतो. फोर्ट सेंट जॉर्जमधल्या सेंट मेरीज चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत १९ ऑगस्ट १६८९ या तारखेला जॉब चार्नोकच्या मेरी, एलिझाबेथ आणि कॅथरीन या तीन मुलींची नोंद आहे. ती इतर कागदांशी ताडून पाहता येते. मोगलांशी बिनसल्यावर कंपनीने बंगालमधून गाशा गुंडाळला आणि चार्नोक आणि त्याची मंडळी १६८९ च्या मार्चमध्ये मद्रासला आली. २४ ऑगस्ट १६९० रोजी चार्नोक पुन्हा सुतानुटीला, म्हणजे पुढच्या कोलकात्याच्या जागी, उतरला. नोंद या मधल्या मुक्कामात चपखल बसते.

तिघींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. मेरी थोरली, हे बापाची शिळा सांगते. कॅथरीन धाकटी, हे त्याच आवारातली तिची स्वतःची शिळा सांगते. म्हणजे निदान मेरी तरी तान्ही नव्हती. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात मोठ्या वयाच्या माणसांसाठी बाप्तिस्म्याचा वेगळा विधी मुद्दाम घातला होता, आणि वसाहतींतल्या स्थानिकांसाठी तो उपयोगी पडेल, असं प्रस्तावनेत म्हटलं होतं. त्या दिवशी कोणता विधी वाचला गेला, हे नोंदवहीवरून ठरवता येत नाही.

आता कुंडाकडे. बाप्तिस्म्याचं कुंड दगडाचंच हवं, हा इंग्लंडच्या चर्चचा १६०४ चा नियम. इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये सात-आठशे वर्षांपूर्वीची कुंडं आजही दिसतात. १६४५ मध्ये प्युरिटनांनी कुंडापाशी बाप्तिस्मा करायलाच बंदी घातली आणि अनेक ठिकाणी साधं तसराळं आलं. १६६० मध्ये राजा परतला, तशी दगडी कुंडंही जागेवर आली. सेंट मेरीजचा अर्पणविधी २८ ऑक्टोबर १६८० चा, म्हणजे हा वाद ताजा असतानाचा. तिथलं कुंड मात्र इंग्लंडहून आलेलं नाही. ते शेजारच्या पल्लावरमच्या काळ्या दगडाचं, अशी त्याची ओळख दिली जाते. चार्नोकच्या मुलींचा बाप्तिस्मा याच कुंडात झाला, असं मद्रासकर सांगतात. नोंदवहीत दिवस आणि नावं असतात, पात्राचा उल्लेख नसतो. तेव्हा हे अनुमानच. मला ते पटतं, पण अनुमान म्हणूनच.

पुढचा पुरावा भूगर्भशास्त्राचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या थॉमस हॉलंडने १८९३ मध्ये चार्नोकच्या शिळेच्या खडकावर निबंध प्रसिद्ध केला. लॅटिन मजकूर तिला संगमरवर म्हणतो. हॉलंडला आढळलं क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि हायपरस्थीन. सूक्ष्मदर्शकाखाली फिरवताना हिरवटाचं तांबूस होणारं हे शेवटचं खनिज नेहमीच्या ग्रॅनाइटमध्ये नसतं. पल्लावरमच्या टेकड्यांत मात्र हाच खडक आहे. हॉलंडने त्याला नाव दिलं चार्नोकाइट, आणि १९०० च्या प्रबंधाने ते जगभर रूढ केलं.

मुलींच्या बाप्तिस्म्याच्या आठवणीने जावयाने, म्हणजे आयरने, सासऱ्यासाठी तोच दगड निवडला, असं म्हणायचा मोह होतो. तसं म्हणायला आधार नाही. गंगेच्या गाळावर वसलेल्या कोलकात्यात दगडाची खाणच नाही. शिळा बाहेरूनच यायची, आणि कंपनीची गलबतं मद्रासहून येतच होती. दगडाच्या तपासणीतून हा समुद्रमार्गच तेवढा सिद्ध होतो.