सारखे दिसते, म्हणून?

मालवणच्या एका शाळेत, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी आमच्यावर आला. आमचा विषय विज्ञानाचा. कलेविषयी बोलायचे काय, हा प्रश्नच होता. शेवटी आम्ही तीन छायाचित्रे बरोबर नेली. खाली नाव, गाव, काळ काही लिहिलेले नव्हते. पहिल्यात जांभ्या दगडाच्या सड्यावर कोरलेल्या आकृत्या होत्या. दुसऱ्यात लाखेने चकाकणारी एक गोल चकती आणि तिच्यावर माशाच्या तोंडातून वर आलेला देव. तिसऱ्यात कागदावर रंगवलेले दोन वीर समोरासमोर धनुष्ये ताणून उभे. चेहरे एका बाजूने दिसणारे, डोळे मात्र भले मोठे आणि समोरून पाहावेत तसे. ही चित्रे कुठली, केव्हाची, कुणाची ते सांगा आणि कारणही सांगा, असे आम्ही म्हटले.

उत्तरे भराभर आली. पहिले 'वारली', कारण माणसे काटक्यांसारखी. दुसरे 'राजस्थान', कारण झगमगीत. तिसरे, जवळजवळ एकमुखाने, 'इजिप्त', कारण डोळा! मुलांच्या पुस्तकात इजिप्तच्या थडग्यांतील चित्रे होती आणि त्यांनी ती नीट पाहिलेली होती, हे आम्हांला आवडले. पण तिन्ही चित्रे त्यांच्याच जिल्ह्यातली होती. पहिले मालवण तालुक्यातील कुडोपीचे, दुसरे सावंतवाडीच्या गंजिफाचे आणि तिसरे कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीचे.

मुलांना हसण्याचे कारण नाही. निरनिराळ्या काळांतील, निरनिराळ्या समाजांतील चित्रे शेजारी ठेवून ताडून पाहणे हा कलेच्या विद्यार्थ्याचा रोजचा अभ्यास आहे, आणि तुलनेची सुरुवात साम्यापासूनच होते. अडचण पुढे येते. साम्य दिसले म्हणजे नाते सिद्ध झाले काय? जीवशास्त्राच्या शिक्षकांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. फुलपाखराचा पंख आणि वटवाघळाचा पंख सारखे काम करतात, पण त्यांची घडण मुळातच वेगळी आहे. उलट देवमाशाचा पर आणि माणसाचा हात यांत वरवर काहीच साम्य नाही, तरी आतली हाडे तीच आणि त्याच क्रमाने असतात. नाते दुसऱ्या जोडीत जवळचे आहे, पहिल्या जोडीत नाही. चित्रांचेही असेच असते काय?

आधी गंजिफा घेऊ, कारण तेथे पुरावा बोलका आहे. 'गंजिफा' हे नाव फारसीतून आपल्याकडे आले. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या पत्त्यांचे वर्णन केले आहे. मोगल गंजिफात आठ रंग असतात (रंग म्हणजे आपल्या पत्त्यांतील बदाम, इस्पिक यांसारखे गट). त्यांत ताज म्हणजे मुकुट, शमशेर म्हणजे तलवार, गुलाम, चंग नावाचे वाद्य अशी दरबारी चिन्हे. प्रत्येक रंगाची पाने बारा: एक ते दहा, त्यांवर वजीर आणि त्याच्यावर राजा. एकूण ९६.

आता सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा पाहा. ताज नाही, गुलाम नाही. त्यांच्या जागी मत्स्य, कूर्म, वराह असे दहा अवतार. मासा, कासव, परशू ही चिन्हे. एकूण पाने १२०. एखाद्या विद्यार्थ्याला दोन्हींतले एकेक पान दाखवले तर तो त्यांचा काही संबंध आहे असे म्हणणार नाही. पण दहाला बाराने गुणा. येथेही एक ते दहा, मग प्रधान, मग राजा. याहून बोलकी गोष्ट खेळाच्या नियमात आहे. मोगल गंजिफात अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या अर्ध्यांत नेमके उलटे. दशावतारीतही पाच रंगांत एक क्रम आणि पाच रंगांत त्याच्या उलट क्रम! दहा अवतारांच्या कथेत अशा उलटसुलट क्रमाचे काही कारण सापडत नाही. तो वारशाने आला आहे. देवमाशाच्या शरीरात मागच्या पायांची सांगाडारूपी खूण राहावी, तसा. नाते ओळखायला अशी बिनकामाची, विचित्र खूण फार उपयोगी पडते, कारण दोन ठिकाणी ती आपोआप उपजण्याचा संभव कमी.

या खेळाची सावंतवाडीतील कहाणी संपता संपता राहिली. छापील पत्ते स्वस्त झाले आणि हाताने रंगवलेल्या पानांना गिऱ्हाईक उरले नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. पाने रंगवणारे हात नसते, तर क्रमाचा तो चमत्कारिक नियमही संग्रहालयाच्या काचेआडून आपल्याला कळला नसता. काचेआड फक्त चित्र दिसते.

आता 'इजिप्त' म्हटले गेलेल्या चित्राकडे वळू. पिंगुळीचे ठाकर समाजातील कलावंत अशा चित्रांची पोथी समोर ठेवून रामायण-महाभारतातील आख्यान लावतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक बाजू सांगून झाली की पान उलटायचे. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. हेच कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही करतात, पांढऱ्या पडद्यामागे दिवा ठेवून. चित्राचे कोडे येथे सुटू लागते. पडद्यावर पडणाऱ्या सावलीत समोरून पाहिलेला चेहरा म्हणजे नुसता गोल डाग. नाक-हनुवटी कळायची तर चेहरा बाजूनेच कापला पाहिजे. बाहुली कापणाऱ्या हाताने चित्रही रेखले, तर वळण तेच येणार. शिवाय चित्र पाहायचे ते रात्री, दिव्याच्या उजेडात, देवळाच्या सभामंडपात मागे बसलेल्या माणसालाही. मग मागचा देखावा टाकून द्यावा, आकृत्या मोठ्या काढाव्या, आणि कोण कोणाकडे पाहतो आहे हे कळण्यासाठी डोळा मोठा करावा, हे ओघानेच येते.

इजिप्तमध्ये शरीराचा प्रत्येक भाग जिकडून सर्वांत स्पष्ट ओळखू येतो तिकडून काढण्याची रीत होती: चेहरा बाजूने, डोळा आणि खांदे समोरून. त्यांपैकी पुष्कळ चित्रे थडग्यात काढून ते थडगे बंद केले जाई. ती जिवंत प्रेक्षकांसाठी नव्हतीच. एकीकडे बंद कोठडीतील चित्र, दुसरीकडे गर्दीपुढे उचलून धरायचे चित्र, आणि डोळा मात्र सारखा! पश्चिम भारतातील जैन पोथ्यांत तर पलीकडचा डोळा चेहऱ्याच्या रेषेबाहेर काढलेला दिसतो. सपाट पृष्ठभागावर ओळखू येणारा माणूस काढायचा म्हटले की वाटा मोजक्याच, आणि लोक त्या पुन्हा पुन्हा शोधून काढतात. हे फुलपाखरू आणि वटवाघूळ झाले.

येथे आम्हांला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. या शैलीची चित्रे आम्ही पहिल्यांदा एका संग्रहालयात पाहिली, तेव्हा खालच्या पाटीवर 'पैठण शैली' असे होते आणि कित्येक वर्षे आम्ही ती पैठणचीच समजत होतो. पुस्तकांतही हे नाव रुळलेले आहे. संग्राहकांच्या हाती यांपैकी काही पोथ्या पैठणला लागल्या, म्हणून ते नाव पडले. पिंगुळीच्या ठाकरांकडे तशाच पोथ्या आहेत आणि त्या वापरात आहेत, हे अभ्यासकांच्या ध्यानात नंतर आले. नदीच्या मुखाशी सापडलेला गोटा तेथल्याच खडकाचा आहे असे भूगोलाचा कोणी विद्यार्थी म्हणणार नाही. चित्रकथी तर पायी फिरणारे. पण एकदा पाटी लागली की ती आपल्याऐवजी विचार करू लागते, आणि ज्यांनी चित्रे काढली, जपली, नाचवली त्यांचे नाव बाजूला पडते. पिंगुळीच्या परशुराम विश्राम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या घराजवळ या कलांचे संग्रहालयही उभारले आहे. पाटी दुरुस्त व्हायला असा वेळ लागतो.

कागदावरील चित्राचा काळ ठरवायला शैलीखेरीज इतर साधने आहेत. कागद उजेडासमोर धरला तर कधी कधी कारखानदाराचे जलचिन्ह दिसते, आणि ते चिन्ह केव्हापासूनचे हे कळले की चित्र त्याआधीचे असू शकत नाही. रंगांचेही तसेच. प्रशियन निळा रंग अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये निघाला. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८च्या सुमारास फ्रान्समध्ये. यांपैकी काही सापडले तर काळाची वरची मर्यादा पक्की होते, मग चित्र कितीही 'प्राचीन' दिसो.

कुडोपीला मात्र यांतले काहीच हाताशी नाही. गावकरी त्या सड्याला 'बाहुल्यांचे टेंब' म्हणतात. माणसे, प्राणी आणि ज्यांचा अर्थ लागत नाही अशा पुष्कळ आकृत्या तेथे आहेत. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांची जी नऊ ठिकाणे गेली, त्यांत सिंधुदुर्गातील हे एकच. सात रत्नागिरी जिल्ह्यातील आणि एक गोव्यातील. जांभा म्हणजे पावसाने धुऊन उरलेले लोह आणि ॲल्युमिनियम यांचे अवशेष. त्यात कोरलेल्या रेघेत कार्बन-१४ ने मोजण्यासारखे काही नसते. जवळपास दगडी हत्यारे मिळाली, तरी काळ कळेल तो हत्यारांचा. शिल्पांत शेती दिसत नाही म्हणून ती शेतीपूर्व काळातील, असा तर्क केला जातो. तर्क विचार करण्याजोगा आहे, पण जे काढलेले नाही त्यावरून काळ ठरवणे धोक्याचे. चित्रकथीच्या पोथीत तरी नांगर कितीसा दिसतो? त्याहून वजनदार पुरावा गेंड्याचा वाटतो. रत्नागिरी जिल्ह्यातील काही सड्यांवर गेंडा कोरलेला आहे, आणि गेंडा न पाहता तो काढणे कठीण. गुजरातेत लांघणज येथे मध्याश्मयुगीन थरात गेंड्याचे हाड मिळाले आहे, म्हणजे पश्चिम भारतात तो होता हे नक्की.

राजापूर तालुक्यात बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोरला आहे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर तसाच माणूस आहे. इजिप्तमध्ये मिळालेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका हस्तिदंती मुठीवर माणूस आणि दोन सिंह आहेत. तिन्ही शेजारी ठेवली की मन थरारते, हे आम्ही कबूल करतो. पण यांत गंजिफाच्या उलट्या क्रमासारखी एखादी विचित्र खूण आहे काय? माणूस मध्ये आणि दोन्ही बाजूंना जनावरे, ही मांडणी तोल साधणाऱ्या कोणत्याही हाताला सुचेल. तूर्त एवढेच म्हणता येते की चित्रे सारखी आहेत.

हा प्रश्न पुढे कधी सुटायचा तर कातळ जागेवर राहिला पाहिजे. कोकणातील सडे चिरेखाणींसाठी कापले जातात, आणि कापलेला चिरा एकदा भिंतीत गेला की त्यावरचे शिल्प परत मिळत नाही. आपल्या शाळेची सहल कुडोपीला नेणार असाल तर सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर न्या. तिरप्या उन्हात उथळ रेघाही सावली धरतात, भर दुपारी त्या दिसतच नाहीत. चपला काढून कडेने फिरावे. छायाचित्र उठावदार यावे म्हणून रेघांत खडू किंवा रंग भरू नये, त्याने पुढच्या तपासणीचा रस्ता बंद होतो. टेप आणि होकायंत्र बरोबर असू द्यावे. प्रत्येक मुलाने एकच आकृती निवडून आलेख-कागदावर मापाने काढावी, उत्तर दिशा दाखवावी, आणि 'हे काय आहे' याची जागा घरी येईपर्यंत कोरी ठेवावी.