पांझरेचे फड आणि खानदेशातील साधनसंपत्तीचा अभ्यास

खानदेशच्या पश्चिम भागातील नद्यांवर जी फडपद्धती शतकानुशतके प्रचलित होती, व काही गावी मोडक्यातोडक्या स्वरूपात अद्यापि आहे, तिचा उल्लेख महाराष्ट्रातील सिंचनाच्या इतिहासात आदराने केला जातो. परंतु या पद्धतीचा अभ्यास कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने केला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनाचे पदव्युत्तर अध्यापन ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात चालते, त्या क्षेत्रात तरी तो विचारला गेला पाहिजे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम पद्धतीचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पांझरा, कान, आरम, मोसम अशा नद्यांच्या पात्रात ठिकठिकाणी दगडी बंधारे घातलेले असून त्यांच्या बगलेतून पाट काढलेले आहेत. एका बंधाऱ्याच्या पाण्याखाली येणारे एकूण क्षेत्र म्हणजे त्याचे थळ. थळाच्या सीमा ठरलेल्या असतात आणि थळाचे सामान्यतः तीन किंवा चार फड पाडलेले असतात. फडाचे क्षेत्र दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत आढळते. एका वर्षी एका फडात एकच पीक घ्यावयाचे, हा या व्यवस्थेचा मूळ नियम होय. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात भात किंवा भुसार, तिसऱ्यात रब्बीचा गहू वा हरभरा, आणि पाणी पुरणार नसेल तर चौथा फड कोरडा. पुढील वर्षी हीच पिके पाळीपाळीने फड बदलतात. प्रत्येक बागायतदाराची थोडथोडी जमीन बहुधा सर्व फडांत असल्यामुळे कोरड्या फडाचा तोटा एकट्यादुकट्याच्या माथी येत नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी टंचाई सर्वांना सारख्या प्रमाणात वाटून मिळते.

हे नियम अंमलात आणण्यासाठी गावाने नेमलेली माणसे असत. पाटकरी चाऱ्यांना पाणी सोडी व तोडी, जागल्या पिकांची व पाटाची राखण करी, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवण्यास हवालदार असे. त्यांचा मोबदला बागायतदार धान्यरूपाने देत. पाट साफ करण्याचे काम प्रत्येकाने आपल्या जमिनीच्या प्रमाणात अंगावर घ्यावयाचे असे. पाटकऱ्याच्या कामाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. शेताला पाणी देण्याचे काम शेताचा मालक स्वतः करीत नसे. ते पाटकऱ्यानेच करावयाचे. पाणी कोणाच्या हाती असावे, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर पुढील काळातील कोणत्याही कालव्यावर सापडणे कठीण. नदीचा प्रवाह, मातीचा ओढा आणि पिकाची तहान यांचे पाटकऱ्याचे ज्ञान बहुतांशी तोंडी आणि परंपरागत होते.

बंधारे बांधले कोणी, याविषयी लोकपरंपरा मुसलमानी राजवटीकडे, विशेषतः खानदेशच्या फारुकी सुलतानांकडे बोट दाखविते. फारुकी सत्ता १३८२ पासून १६०१ पर्यंत टिकली; परंतु सर्वच बंधारे त्या काळचे मानण्यास पुरेसा आधार नाही. पद्धतीचे वय सामान्यतः तीनचारशे वर्षे सांगितले जाते, आणि तेवढ्यावर समाधान मानणे बरे. बांधणाऱ्याच्या नावापेक्षा पुढील पिढ्यांनी बंधारा राखला कसा, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे.

इ. स. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर या पद्धतीची लेखी नोंद होऊ लागली. मात्र ती महसुलाच्या अंगाने. बागायत जमिनीवर आकार अधिक, म्हणून बागायत किती, हे मोजणे आवश्यक. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या बाराव्या खंडात पश्चिमेकडील तालुक्यांतील जुन्या बंधाऱ्यांचे वर्णन आले आहे. त्याच काळात सरकारने स्वतःचीही कामे हाती घेतली होती. गिरणेवरील जामद्याचे कालवे, पांझरेवरील कामे, पारोळ्याजवळचा म्हसव्याचा तलाव ही त्यांतली प्रमुख. १८७९ च्या पाटबंधारे कायद्याने नदीच्या पाण्यावरील सरकारचे नियंत्रण कायद्याच्या चौकटीत बसविले. या सर्व कागदपत्रांत बंधारा, क्षेत्र आणि आकारणी यांचा तपशील भरपूर मिळतो. पाटकऱ्याच्या विद्येचे वर्णन मात्र त्यांत शोधूनच काढावे लागते.

याच सुमारास पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झालेला एक तरुण खानदेशात आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले आणि सेवेच्या आरंभीच धुळ्याकडे त्यांची नेमणूक झाली. साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पांझरेच्या एका पाटाचे पाणी नळांच्या वक्रनलिकेने पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. ऐन पावसाळ्यात काम पुढे ढकलावे असे त्यांनी सुचविले, वरिष्ठांना ते रुचले नाही, आणि अखेर त्यांनी ते पुरे करून दाखविले. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत हा प्रसंग त्यांनी स्वतः नमूद केला आहे. पदवीनंतरचे प्रशिक्षण म्हणजे काय, याचे हे खानदेशातील एक आरंभीचे उदाहरण समजण्यास हरकत नसावी.

विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी जी ब्लॉक पद्धत सुचविली, तिच्यात क्षेत्राचे गट पाडून उसाची इतर पिकांशी फेरपालट करण्याचे तत्त्व आहे. फडाशी असलेले तिचे साम्य सहज ध्यानात येते, व अनेकांनी ते दाखविलेही आहे. पांझरेकाठी पाहिलेल्या गोष्टीचा तेथे कितपत उपयोग झाला, याविषयी निश्चित विधान करणे धाडसाचे ठरेल. भेद मात्र निश्चित सांगता येतो. ब्लॉक पद्धतीत करार सरकार आणि एकेकटा शेतकरी यांच्यात होई. फडात तो सबंध थळाचा आपसांतील करार असे. यंत्रणेचे एक अंग उचलले गेले आणि दुसरे जागीच राहिले, असे म्हणावे लागते.

उच्च शिक्षणाची वाट खानदेशात तशी उशिराच रुंदावली. धुळ्यास १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले व इतिहाससंशोधनास एक भक्कम आश्रय मिळाला. परंतु पदव्युत्तर विज्ञानशिक्षणासाठी दीर्घकाळ मुंबई आणि १९४९ नंतर पुणे विद्यापीठाकडेच पाहावे लागे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. गिरणेच्या काठी असलेल्या या विद्यापीठाच्या पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळेत भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र एकाच छपराखाली आले, हे या प्रदेशाच्या गरजेस धरूनच झाले.

योगायोग असा की, त्याच १९९० साली एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा सामाईक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्पेनमधील वालेन्सियाच्या पाटांसारख्या उदाहरणांवरून त्यांनी दाखवून दिले की, सामाईक पाणी सरकारच्या हाती दिले किंवा खाजगी मालकीचे केले तरच टिकते, हे खरे नाही. या विचारासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. जेथे पाण्याऐवजी समुद्रकिनारा हीच मुख्य संपत्ती आहे, तेथेही हाच प्रश्न पडतो; वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या बार्बाडोस येथील केव्ह हिल आवारात साधनसंपत्ती व्यवस्थापनाचे जे पदव्युत्तर केंद्र आहे, त्याच्या अभ्यासात मासेमारी करणाऱ्या समाजांना महत्त्वाचे स्थान आहे. फडांवरील मराठी मुलखातील गंभीर लेखन या सुमारासच पुढे आले. के. आर. दाते व आर. के. पाटील यांचे शेतकरी-व्यवस्थापित सिंचनावरील पुस्तक १९८७ चे. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने भारतातील पारंपरिक जलव्यवस्थांचा संग्रह काढला तो १९९७ चा. म्हणजे संस्थेच्या अंगाने फडाचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा फड उतरणीस लागला होता.

या उतरणीची कारणे एकाच ठिकाणची नाहीत. नदीच्या वरच्या अंगास धरणे झाली. पांझरेवर लाटीपाडा, कानेवर मालनगाव, आणि अलीकडे खाली अक्कलपाडा. फड अवलंबून होता तो नदीच्या बारमाही झऱ्यावर. तो झरा आटल्यावर बंधाऱ्यात पाणी येणार ते धरणातून सुटेल तेव्हा, आणि ते केव्हा सुटेल हे पाटकऱ्याच्या हाती उरले नाही. दुसरे कारण विहिरीचे. थळातच स्वतःची विहीर आणि विजेचा पंप आला की बागायतदारास फडातील पीक बंधनकारक वाटेनासे होते. या दोन्ही गोष्टींनी शेतकऱ्याचे तात्कालिक हितच झाले, हे मान्य केले पाहिजे. फडाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी हे विसरू नये.

विहिरीचा प्रश्न जळगाव जिल्ह्यात अधिक तीव्र आहे. रावेर व यावल तालुक्यांत तापीच्या गाळाचे थर खोलवर पसरले असून सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्यांचा व वाळूचा जाड पट्टा आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते ते मुख्यतः या पट्ट्यातून. केळीच्या बागांनी हे भूजल इतके उपसले की पातळी वर्षानुवर्षे खाली गेली. धुळे-नंदुरबारकडे काळ्या खडकात उभ्या भिंतींसारखे डाइक आहेत. कोठे ते पाणी अडवितात, कोठे नाहीत. अशा प्रदेशात भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकाबाहेरचे बरेच काही शिकता येते. भूजल खात्यातून निवृत्त झालेले भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून शिरपूर तालुक्यात नाले खोल व रुंद करून बंधाऱ्यांची मालिका उभी केली. तोच उपाय निराळ्या खडकांत लागू पडेल काय, यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो वाद शास्त्राच्या दृष्टीने निष्फळ नव्हता. परंतु मुरलेले पाणी कोणी किती उपसावे, या प्रश्नाला शिरपुरात वा रावेरात फडासारखे उत्तर अद्याप मिळालेले नाही. जमिनीखालच्या पाण्याला पाटकरी नाही.

कायद्याने हे स्थान भरून काढण्याचा प्रयत्न झाला आहे. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांना भागीदार करणारा कायदा महाराष्ट्राने २००५ मध्ये केला व कालव्यांवर पाणीवापर संस्था स्थापन होऊ लागल्या. औरंगाबाद, म्हणजे सध्याचे छत्रपती संभाजीनगर, येथील जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत १९८० पासून अभियंत्यांना या विषयाचे प्रशिक्षण मिळत आले. पाणीवापर संस्थेचे नियम वाचताना फडाची आठवण होते. समान वाटप, नेमलेला माणूस, सामाईक देखभाल ही तत्त्वे तेथेही आहेत. भेद इतकाच, की फडाचे नियम ज्यांनी केले त्यांनीच ते पाळले, आणि त्यात बदल करण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच राहिला.

साक्री तालुक्यात, जेथे पांझरेचा उगम आहे, बारीपाडा हे आदिवासी गाव आहे. तेथील चैत्राम पवार यांनी एम. कॉम. झाल्यावर नोकरीची वाट न धरता १९९० नंतरच्या दशकात गावकऱ्यांसह उजाड डोंगरावर जंगल राखण्याचे काम सुरू केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि वृक्षतोडीस दंड हे नियम गावाने स्वतः ठरविले. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. बारीपाड्याचे जंगल पाहावयास आता अभ्यासक येतात, आणि दरवर्षी भरणाऱ्या रानभाज्यांच्या स्पर्धेत गावच्या स्त्रिया त्यांना भाज्यांची नावे सांगतात.