नामदेवाची पायरी

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराशी पितळेनं मढवलेली एक पायरी आहे. तिच्यावर कुणी पाय देत नाही. वाकून हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा आणि पाऊल उचलून थेट वरच्या पायरीवर टाकायचं. आषाढीच्या गर्दीत ज्यांना रांगेत उभं राहणं जमत नाही, ते ही पायरी आणि कळस पाहून गावाकडे वळतात आणि वारी पावली म्हणतात. ज्याच्या नावाची ही पायरी, त्यानं मागितलं होतं ते मात्र नेमकं उलटं. आल्यागेल्या संतांचे पाय आपल्यावर पडावेत, एवढ्यासाठी त्याला पायरी व्हायचं होतं.

हे मागणं सुचलं कसं, याची गोष्ट तेरच्या कुंभाराच्या अंगणात सुरू होते. गोरोबांकडे संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, काका, हे काय? गोरोबा म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचीही मडकी बघा की, ती म्हणाली. भाजलेलं मडकं खणकन वाजतं, कच्चं बद्द वाजतं. कुंभाराचं काम कानावर चालतं. गोरोबांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत निघाले. बाकीचे निमूट बसले. नामदेव तडकले. साक्षात विठ्ठल ज्याच्या हातचा नैवेद्य जेवला, त्याच्या डोक्यात थापटणं? गोरोबांनी निकाल देऊन टाकला: हे मडकं कच्चं.

महिपतीच्या ‘भक्तविजया’नं (१७६२) या कथा घरोघर नेल्या. महिपती लिहीत होता नामदेवांनंतर चारशे वर्षांनी, तेव्हा घडलेली हकिकत म्हणून त्या कुणी पुढे करू नयेत. पण गोष्टीतलं निदान पक्कं आहे. नामदेवांना गर्व होता तो पैशाचा नाही, कुळाचा नाही. शिंप्याच्या पोराला तो परवडलाही नसता. गर्व होता भक्तीचा. देव माझ्याशी बोलतो, माझ्या हातचं खातो. देव जितका जवळ, तितका हा ‘माझा’ फुगत गेला. ज्ञानदेवांनी १२९० च्या ज्ञानेश्वरीत, तेराव्या अध्यायात, हेच नवल सांगून ठेवलंय: अहंकार अडाण्याच्या फारसा मागे लागत नाही, तो जाणत्याच्या गळ्यात पडतो.

रुसलेल्या नामदेवांना विठ्ठलानं विसोबा खेचरांकडे धाडलं. औंढ्या नागनाथाच्या देवळात बघतात तर हा म्हातारा खुशाल पिंडीवर पाय ठेवून पडलेला. नामदेव खवळले. विसोबा म्हणाले, बाबा रे, मला काही हलवत नाही, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव माझे पाय. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तिथेही पिंड. तिसरीकडे ठेवले, तिथेही पिंड.

वेदान्त हेच शांतपणे सांगतो. आत्मा एकच आहे आणि तो सगळीकडे सारखा भरलेला आहे. अहंकार म्हणजे त्यातल्या एका तुकड्याभोवती घातलेलं कुंपण, आणि आतल्या माणसाची समजूत की एवढंच काय ते मी. कुंपण काढलं म्हणून आत्म्याला काही नव्यानं मिळत नाही, तो आधीपासून पलीकडेही होताच. ऐकताना सगळेच मान डोलावतात. विसोबांनी मात्र ते पायांनी शिकवलं, आणि माझ्या मते पायरीचं मूळ इथेच आहे. पायरीकडे आपण नम्रतेचा नमुना म्हणून बघतो. मला त्यात आधी हिशेब दिसतो. देव नाही अशी जागाच जर नसेल, तर गाभारा वर आणि पायरी खाली हे तरी कुणी ठरवलं? पायाखाली जाण्यात कमीपणा वाटायला आधी कुंपण शाबूत असावं लागतं.

शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, म्हणजे १३५० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी नामदेवांनी महाद्वारात समाधी घेतली आणि घरची माणसंही त्यांच्याबरोबर गेली, असं वारकरी परंपरा मानते. पंजाबात त्यांनी गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला देह ठेवल्याचं मानतात. तिथे त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आणि २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही घुमानला भरलं. ‘मी’ पुसायला निघालेल्या माणसाच्या नावावर दोन प्रांतांनी हक्क सांगितला. पंढरपुरात तर ते नाव पायरीलाच चिकटलं आणि वर पितळ चढलं.

पण जागा हीच का? देवळात नम्र व्हायला ठिकाणं थोडी नव्हती. उत्तर समोरच आहे. पायरीपुढे चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखामेळा गेले; साल १३३८. त्यांच्या अस्थी नामदेवांनी आणल्या, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती वेचून, असं कथा सांगते, आणि महाद्वारासमोर पुरल्या. त्याच्या पुढे चोखोबांना, अस्पृश्य म्हणून, जिवंतपणीही जाता आलं नव्हतं. बारा वर्षांनी नामदेवांनी स्वतःसाठी जागा निवडली ती त्यांच्या शेजारची. मला ही निवड चोखोबांच्या सोबतीची वाटते. फरकही दिसतो. नामदेव पायरीला आले ते आत जाऊन, देवाला जेवू घालून. चोखोबांना तिच्या खाली आपली पायरी ओळखून राहावं लागलं. जो आतून खाली उतरतो त्याचा अहंकार गळाला असं म्हणता येतं. ज्याला बाहेरच ठेवलंय त्याला अहंकार सोड म्हणून सांगणं ही नुसती दांडगाई.

पायरीचं कौतुक करणाऱ्या आपल्या कीर्तनांत हा भाग सहसा घाईत उरकतात. चोखोबांच्या माणसांना ती ओलांडून आत जायला १९४७ उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले, तेव्हा बडवे दार उघडायला राजी झाले. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारं आपलं पुस्तक तीन संतांना अर्पण केलं: नंदनार, रविदास आणि चोखामेळा.