घरात आणलेला समुद्र

सिल्वासातल्या टोकरखाड्यात कुणी हजार लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची म्हटली, तर आधी मीठ मोजावं लागतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे पहिल्या भरणीलाच 35 किलो, आणि तेही स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे.

1951 साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता. देणगीदार पारशी, आणि आडनाव तारापूरचं. ते गाव मुंबई आणि दमण यांच्या मधल्या किनाऱ्यावर आहे. कित्येक मराठी मुलांनी काचेआडचा मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला असेल.

काचेत प्रवाळ जगवणं मात्र फार अवघड. 1961 साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक वापरून ते करून दाखवलं: खडकातले जिवाणूच पाणी शुद्ध करतात. भारतात 2001 साली दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळालं. ते योग्यच झालं. किनाऱ्यावरून तोडून आणलेल्या प्रवाळाला घरात जागा नसावी.

खरी कसोटी नळांची. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं, म्हणून पीव्हीसी. वरच्या टाकीतून सांडलेलं पाणी खालच्या टाकीत उतरतं, गाळलं जातं, पंपाने परत चढतं. वीज गेली की परतीच्या नळातून पाणी उलटं खाली धावतं. म्हणून त्या नळाला पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली एक छोटं भोक पाडतात. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि धार तुटते.