दोन एकर आणि 'इतर हक्क'

गेले दोन-तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही, कारण मी गावी होतो. इंदापूर तालुक्यातली आमची दोन एकर कोरडवाहू जमीन विकायची ठरलीय. बाबा रिटायर झालेत, काकांचे गुडघे गेलेत आणि मला ज्वारीचं रोप मक्यापासून वेगळं ओळखता येत नाही. "तू इंजिनियर ना, मग कागदं तू बघ," म्हणत बाबांनी एक जुनी कापडी पिशवी माझ्या हातात दिली.

जमीन विकायला तयार करायची म्हणजे बाभळी तोडा, तारेचं कुंपण घाला, असं काहीतरी मला वाटलं होतं. कसलं काय! शेतात काम जवळजवळ शून्य. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, मोजणी, चतुःसीमा, आणि सोसायटीचं कर्ज कधीच फेडलं असलं तरी कागदावर तसाच राहिलेला बोजा कमी करणं. सगळी मशागत कागदांची. पण एक-एक कागद वाचत गेलो आणि लक्षात आलं की आपण चक्क इतिहास वाचतोय. तोही आमच्याच तालुक्याचा.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांपुढे प्रश्न होता, सारा किती घ्यायचा? पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८३० च्या आसपास एक पद्धत काढली. रिकार्डोच्या अर्थशास्त्राने तो भारावलेला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं खर्च वजा जाता उत्पन्न काढायचं आणि त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. कागदावर डिझाईन झकास, प्रॉडक्शनमध्ये आपटलं. मोजणीत चुका, आकारणी जड, खालचे कामगार लाचखाऊ. जमिनी पडीक पडल्या, माणसं गाव सोडून गेली.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने सुरुवात केली, ती इंदापुरात! त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवला. जमिनीची खोली आणि रंग बघून आण्यांत प्रत ठरवली, दर कमी केले आणि ते ३० वर्षांसाठी बांधून दिले. एक बैलजोडी कसू शकेल अशा अंदाजाने शेतांचे तुकडे पाडून त्यांना नंबर दिले. तोच आपला सर्व्हे नंबर. मोजायला ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. पुण्यात फ्लॅट बघताना आपण 'गुंठ्याचा भाव' विचारतो, तो गुंठा हा.

आमच्या सातबाऱ्यावर 'आकार' या रकान्यात जेमतेम काही रुपये आणि पैसे लिहिलेत. आधी ते टायपिंगची चूक वाटले. पण तो त्याच परंपरेतला सारा आहे.

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. नंबर पडला, सारा ठरला, आणि खातेदाराला जमीन विकायची, गहाण ठेवायची मोकळीक मिळाली. म्हणजे जमीन प्रथमच सावकाराच्या दृष्टीने चांगलं तारण झाली. परिणाम शेजारच्याच सुप्यात दिसला. १२ मे १८७५ रोजी तिथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि कर्जाचे कागद जाळले. दख्खनचे दंगे ते हेच. १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

तोवर सरकारला मुख्यतः सारा कोण भरतो यातच रस होता. जमिनीवर कोणाकोणाचा हक्क आहे, हे नीट लिहून ठेवणारा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पिकं. सात आणि बारा एका कागदावर आले, तो सातबारा. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा ही चालू व्हर्जन आणि फेरफार हा चेंज लॉग.

तर आमच्या चेंज लॉगमध्ये १९८७ ची एक नोंद सापडली. आजोबा गेल्यावरची वारस नोंद. बाबा आणि काका कब्जेदार. आत्याचं नाव 'इतर हक्क'मध्ये, जिथे सोसायटीचा बोजा लिहितात तिथे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला होता. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही तिला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. पण आपल्याकडे बहिणींची नावं अशी बाजूच्या रकान्यात टाकायची पद्धतच पडलेली.

एजंट म्हणाला, "सोपंय. साडीचोळी करा आणि हक्कसोडपत्रावर सही घ्या." काका लगेच हो म्हणाले. कागद घेऊन मला पाठवलं.

आत्याने चष्मा लावला आणि बोट ठेवून सातबारा वाचला. "माझं नाव हितं कडंला का रं?" मी रकाना समजावून सांगायला लागलो. अर्ध्यातच ती म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात त्या शेताला बांध घातला, तवा माती माझ्या डोक्यावर हुती. तुझा बाप पाळण्यातनं नुकता उतरलेला. ते कुठं लिवलंय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी कागद घडी घालून पिशवीत ठेवला, चहा घेतला आणि निघालो.

घरी येऊन बाबांना सांगितलं, हक्कसोडपत्र नको, खरेदीखतात आत्याही विक्रेती म्हणून सही करेल आणि तिसरा हिस्सा घेईल. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आत्याला फोन लावला. काका अजून फुगलेत. मोजणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तोवर बघू.

असो. आता सातबारा घरबसल्या मिळतो, २०१८ पासून तर डिजिटल सहीचा. या वीकेंडला तुमच्या घरचा काढून बघा. 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा.